आठ माणसांचे टेबल

आमच्या सरांना १७ ऑगस्ट २०२४ रोजी पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. मराठी साहित्याच्या प्रांतात पंचाहत्तरी म्हणजे अमृतमहोत्सव, अमृतमहोत्सव म्हणजे सभागृह, आणि सभागृह म्हणजे शाल, श्रीफळ, गौरवग्रंथ व तिसऱ्या वक्त्यानंतर घड्याळाकडे चोरून पाहणारा सत्कारमूर्ती, असे समीकरण ठरून गेलेले आहे. सरांनी ते आधीच मोडीत काढले. "शाली माझ्याकडे अकरा आहेत, त्यांतली एकही उबदार नाही," असे म्हणून त्यांनी गौरवग्रंथाचा प्रस्तावही परत केला. वर म्हणाले, "फारच वाटत असेल तर कुठे तरी जेवायला घाला. बसून बोलू." या शेवटच्या दोन वाक्यांपैकी पहिले आम्ही अतिशय गंभीरपणे घेतले. दुसऱ्याकडे आमचे लक्ष गेले नाही. पुढे जे लिहिले आहे ते या एवढ्याच चुकीविषयी आहे.

आम्ही म्हणजे सहा जण. १९९८ ते २००२ या काळात मुंबईतल्या एका महाविद्यालयात सरांच्या हाताखाली मराठी घेऊन एम. ए. झालेलो. आज आमच्यातली एक प्रकाशन व्यवसायात आहे, एक अनुवाद करते, दोघे बँकेत आहेत, एक न्यू जर्सीला असतो आणि एक कोल्हापूरकडे शिकवतो. ऑगस्टमध्ये न्यू जर्सीचा मित्र इकडे येणार होता, म्हणून वाढदिवसाचीच तारीख धरली. ती शनिवारची निघाली. रात्रीचे जेवण, माणसे आठ: आम्ही सहा, सर आणि काकू. माणशी पाच हजारांपर्यंत खर्च करायचा, तो आम्ही सहा जणांनी वाटून घ्यायचा, आणि कोल्हापूरच्या मित्राचा वाटा त्याला न कळता बाकीच्यांनी उचलायचा, असे ठरले. उरला प्रश्न जागेचा. त्याला सहा आठवडे लागले.

'हॉटेल' हा शब्द मराठीने इंग्रजीकडून घेतला, पण आपल्या मर्जीने वापरला. आपल्याकडे हॉटेलात मुक्काम करण्यापेक्षा हॉटेलात खाणे हाच त्याचा मुख्य अर्थ. नाक्यावरचे मिसळीचे दुकान हॉटेल आणि अपोलो बंदरावर १९०३ साली उघडलेले ताजमहालही हॉटेलच. मधल्या साऱ्या पायऱ्या या एका शब्दाने झाकून टाकल्या आहेत. उपाहारगृह, भोजनालय, खाणावळ हे शब्द पाटीवर राहिले. 'रेस्टॉरंट' मात्र अजूनही थोडा बूट घालून बोलण्याचा शब्द आहे. गंमत अशी की मूळ फ्रेंच शब्द मुळीच ऐटबाज नव्हता. अशक्त माणसाला पुन्हा ताकद यावी म्हणून द्यायच्या मांसरसाचे ते नाव. अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये असा रस विकणाऱ्या जागांना पुढे तेच नाव पडले. थोडक्यात, आजाऱ्याला पेज पाजण्याची ती जागा. हे सारे आम्ही त्या सहा आठवड्यांत एकमेकांना ऐकवले. साहित्याचे विद्यार्थी निर्णय लांबवण्यासाठी व्युत्पत्तीचा आधार घेतात, हे जाणकारांना सांगायला नको.

यादी करायला घेतली तेव्हा पहिली अडचण पंचांगाने घातली. ऑगस्ट म्हणजे श्रावण, आणि काकू श्रावण पाळतात. सर मालवणकडचे, त्यांना मासळीवाचून जेवण म्हणजे चालीवाचून कविता. त्यामुळे काळाघोड्याचे तृष्णा किंवा वांद्र्याचे हायवे गोमांतक अशा मासळीसाठीच माणसे जातात त्या जागा सुचवल्या गेल्या आणि मागे पडल्या. काकूंना आमटीभातावर बसवून आम्ही खेकडे फोडत बसणे कुणालाच पटेना. न्यू जर्सीच्या मित्राने महालक्ष्मीच्या 'मास्क'चा आग्रह धरला. २०१६ साली उघडलेली ही जागा आशियातल्या नामांकित रेस्टॉरंटांच्या यादीत येते. तिथे मेनूकार्डातून निवडायचे नसते, स्वयंपाकघराने ठरवलेली पदार्थांची मालिका क्रमाने येत राहते, शाकाहारींची निराळी. यावर प्रकाशनवाल्या मैत्रिणीने हरकत घेतली की ज्या माणसाने जन्मभर विद्यापीठाच्या नेमलेल्या अभ्यासक्रमाशी भांडण केले त्याला पंचाहत्तरीला नेमलेला अभ्यासक्रम वाढायचा काय? हरकत विनोदी होती, पण मंजूर झाली. चर्चगेटचे गेलॉर्ड बँकवाल्यांना हवे होते, आम्हां विद्यार्थ्यांना एम. ए.च्या काळात बाहेरूनच माहीत असलेले. ते "आपल्यासाठी विशेष, सरांसाठी नव्हे" म्हणून बाजूला पडले. हा निकष आम्ही फक्त गेलॉर्डला लावला, हे आज लक्षात येते.

एका जागेने आम्हांला आपणहून वगळले. पोशाखाचा काही नियम आहे काय, असे दूरध्वनीवर विचारले असता पलीकडून अदबीने उत्तर आले की पुरुषांनी बंद बूट घालावेत, चप्पल चालणार नाही. सर उभ्या आयुष्यात झब्बा आणि कोल्हापुरी वहाणा यांखेरीज कशात दिसलेले नाहीत. सरांना बूट घालायला कोण सांगणार, यावर दोन दिवस चर्चा झाली. १९८८ साली मुंबईतल्या एका क्लबाने अनवाणी आलेल्या हुसेन यांना दारातून परत पाठवल्याची हकिकत कुणी तरी काढली, आणि आपण वहाणेच्या बाजूचे की बुटाच्या, असा प्रश्न उपस्थित झाला. अर्थात आम्ही वहाणेच्या बाजूचे ठरलो, आणि त्या बाजूने उभे राहण्याचा सोपा मार्ग म्हणून दुसरे हॉटेल शोधू लागलो.

मग अनुवादक मैत्रिणीने लोअर परळच्या एका गिरणीच्या आवारातले रेस्टॉरंट सुचवले. या एका सूचनेने आमच्यात खरा वाद पेटला.

पार्श्वभूमी सांगायला हवी. सरांचे वडील गिरणीत साचेवाले. आई चाळीतल्या खोलीत खाणावळ चालवी. कोकणातून, देशावरून एकटे आलेले कामगार गाळ्यात राहत आणि अशाच बायकांकडे महिन्याच्या बोलीवर जेवत. त्या बायका उसनवारीवर धान्य भरीत आणि पगाराच्या दिवसाची वाट पाहत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते याच बायकांचे. सरांनी स्वतः रात्रशाळेत शिकत असताना दोन वर्षे साचेखात्यात बदली कामगार म्हणून पाळ्या केल्या. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, तो मागे घेतल्याचे कधी जाहीर झाले नाही, आणि वडिलांची नोकरी त्यातच गेली. १९९१ च्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा तिसरा हिस्सा महापालिकेला आणि तिसरा गृहनिर्माणाला द्यायचा होता. २००१ मध्ये तो हिशेब फक्त मोकळ्या जागेपुरता उरला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ग्राह्य धरले. त्या जमिनींवर काय उभे राहिले ते परळ पुलावरून दिसते. सर वर्गात नारायण सुर्वे शिकवीत, बागूल शिकवीत, जयंत पवारांचे 'अधांतर' शिकवीत, तेव्हा यातले काहीच सांगत नसत. आम्हांला ते इकडून तिकडून कळले होते.

आता त्या माणसाला, त्याच्या पंचाहत्तरीला, गिरणीच्या शेडमध्ये नेऊन तीन हजारांचे जेवण घालायचे? जिथे भोंग्यावर माणसे आत जात तिथे टेबल राखून जायचे? मेनूकार्डावर त्याच्या आईच्या खाणावळीतली बोंबलाची चटणी नवे नाव लावून आली तर? कोल्हापूरच्या मित्राने पत्रच लिहिले, पानभर. त्यात विस्मृती, उपभोग, जागेची हिंसा असे शब्द होते, आणि ते चुकीचे होते असे आजही म्हणवत नाही. अनुवादक मैत्रीण एवढेच म्हणाली, "एकदा विचारून तर बघू." तिला सगळ्यांनी सांगितले की असे विचारणे हाच अपमान आहे. पाच विरुद्ध एक. ती गप्प बसली.

शेवटी निवड झाली ती समुद्राकाठच्या एका पंचतारांकित हॉटेलातल्या रेस्टॉरंटची. कुणाच्याच स्मृतीशी त्याचा काही संबंध नव्हता, आणि तोच त्याचा गुण ठरला. वहाण चालत होती. शाकाहारी पदार्थ भरपूर होते. बँकवाल्याने एवढीच नोंद करून ठेवली की साध्या रेस्टॉरंटात जेवणावर पाच टक्के जीएसटी लागतो आणि ज्या हॉटेलच्या खोलीचे भाडे साडेसात हजारांच्या वर त्याच्या रेस्टॉरंटात अठरा. आम्ही ती तयारी ठेवली. शिवाय एक खास मागणी केली: सर आणि काकूंना किमती नसलेले मेनूकार्ड द्यावे. पूर्वी युरोपातल्या बड्या जागांतून स्त्रियांना असे कार्ड देत, यजमानाला तेवढे किमतींचे. आम्हांला ही युक्ती फार नाजूक वाटली.

शनिवारी संध्याकाळी साडेसातला आम्ही तिथे जमलो. लांब टेबल होते. सरांना आम्ही मध्यभागी बसवले, सत्कारमूर्तीला बसवतात तसे, समोर समुद्र दिसेल अशा बेताने. त्यांच्या डाव्या हाताला कोल्हापूरचा मित्र बसला, कारण त्याला बोलायचे होते. आठनंतर पियानो सुरू झाला. नऊपर्यंत एकही टेबल रिकामे राहिले नाही. सरांनी कार्ड उघडून उलटसुलट पाहिले आणि वेटरला म्हणाले, "किमती छापायच्या राहिल्यात का?" वेटरने आमच्याकडे पाहिले. काकूंनी कार्ड मिटून ठेवले आणि "तुम्हीच सांगा काय ते," म्हणाल्या. पुढे त्यांनी स्वतःहून काही मागवले नाही.

जेवण उत्तम होते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. सर प्रसन्न होते. प्रत्येकाकडे वळून हसत होते, मान डोलावत होते, "वा", "छान", "उत्तम" म्हणत होते. आमच्यापैकी प्रत्येकाने काही ना काही सांगायचे ठरवून आणले होते. अनुवादक मैत्रिणीने पाच वर्षे रखडलेल्या पुस्तकाची गोष्ट सांगितली. न्यू जर्सीच्या मित्राने मुलीला मराठी वाचता येत नाही याची. कोल्हापूरच्या मित्राने जे सांगितले ते आम्हांलाही नवीन होते. पंधरा वर्षे तो तासिका तत्त्वावर शिकवतो आहे, तासाच्या हिशेबाने मिळणारा पगार महिनोन्‌महिने येत नाही, सुट्टीतले महिने कोरडे जातात, आणि या वर्षाअखेर तो शिकवणे सोडून मेहुण्याच्या खतांच्या दुकानात बसणार आहे. एवढे बोलून तो सरांच्या तोंडाकडे पाहत राहिला. सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "छान, छान. फार बरं वाटलं."

तो काही बोलला नाही. आम्हीही नाही. तेवढ्यात केक आला.

रात्री परतताना आमच्यातल्या प्रत्येकाने मनातल्या मनात सरांचे हे वाक्य सोडवायचा प्रयत्न केला. त्यात उपरोध होता काय? शिक्षणसंस्थांच्या दुकानदारीपेक्षा खतांचे दुकान बरे, असे सुचवायचे होते? वाक्यात नसलेला अर्थ वाक्यातून काढायचे शिक्षण आम्हांला त्यांनीच दिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला. आभार मानून झाल्यावर त्या सहज म्हणाल्या, "यांना मात्र काल कुणाचंच काही ऐकू आलं नाही गं. घरी आल्यावर मलाच विचारत बसले होते, कोण काय म्हणालं म्हणून. मी बसले टोकाला, मला तरी काय कळणार?"

हे वाचताना वाचकाला वाटेल की सरांच्या कानाचे आम्हांला ठाऊक नसावे. ठाऊक होते. सर वर्गात नेहमी डावा खांदा फळ्याकडे करून उभे राहत आणि प्रश्न विचारणाऱ्याला उजवीकडच्या बाकावर यायला लावीत. डावीकडच्या बाकांना तो पक्षपात वाटे. डावा कान साचेखात्यात गेला, हे आम्हांला माहीत होते. धोट्याच्या मागांच्या खात्यात आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो. साधे बोलणे साठ डेसिबलचे. तिथे माणसे ओठ वाचून आणि हातवारे करून बोलत. दोन वर्षांत एक कान गेला, दुसरा वयाने अर्धा झाला. श्रवणयंत्र आहे, पण ते सर्वांचेच बोलणे मोठे करते, पियानोचे आणि काट्याचमच्यांचेसुद्धा, म्हणून ते ड्रॉवरमध्ये असते. हे सारे आम्ही जाणत होतो. इतकेच नव्हे, त्या वादात सरांच्या बदलीच्या दोन वर्षांचा दाखला आम्हीच दिला होता, त्यांच्या भावना दुखावतील हे सिद्ध करण्यासाठी. ती दोन वर्षे आम्हांला त्यांच्या स्मृतीत दिसली, साहित्यात दिसली, शहराच्या इतिहासात दिसली. त्यांच्या कानात दिसली नाहीत.

आम्ही सहा आठवडे जे निकष लावले त्यांत चव होती, प्रतिष्ठा होती, श्रावण होता, वहाण होती, कर होता, वर्गीय जाणीव होती. "तिथे बोललेले ऐकू येते काय?" हा प्रश्न एकदाही आला नाही. तो विचारायला समीक्षा लागत नाही. आई-वडिलांना घेऊन जाणारा कुणीही शहाणा माणूस तो विचारतो. दूरध्वनीवर विचारता येण्याजोग्या गोष्टी आहेत या: संगीत वाजते काय, कोणत्या वारी गर्दी कमी असते, गोल टेबल मिळेल काय, कोपऱ्यात मिळेल काय, पाठीशी भिंत येईल काय. लांब टेबलावर आठ माणसांची दोन संभाषणे होतात, आणि मधल्या माणसाला दोन्ही अर्धी ऐकू येतात.

सरांना आम्ही सप्टेंबरात भेटायला गेलो ते ओशाळलेल्या मनाने. बोलता बोलता अनुवादक मैत्रिणीने त्या गिरणीतल्या रेस्टॉरंटची गोष्ट काढली, आणि आम्ही ते का वगळले तेही सांगून टाकले. सर मोठ्याने हसले. "अरे, मी जाऊन आलोय तिथं. नातीनं नेलं होतं, गेल्या वर्षी. दुपारी तीनला. चिटपाखरू नव्हतं." वाईट नाही वाटले? "कशाचं? गिरणी गेली तेव्हा वाटलं, वडील गेले तेव्हा वाटलं. जेवताना काय वाटायचंय? सोलकढीत मीठ कमी होतं." मग थोडे थांबून म्हणाले, "शिवाय माझी गिरणी ती नव्हेच. ती पलीकडची. तिथं आता टॉवर आहे, आत सोडत नाहीत."

कोल्हापूरच्या मित्राचे पानभर पत्र आमच्यापैकी दोघांच्या खिशात तेव्हाही होते. ते कुणी बाहेर काढले नाही.

"नात हळू बोलते," सर पुढे म्हणाले. "दोन तास बसलो. तिचा शब्दन्‌शब्द ऐकला. शेडमध्ये बसून माणसाचं बोलणं ऐकू येतंय, याची मला गंमत वाटत होती. तेवढी एक गंमत."

ऑक्टोबरातल्या एका बुधवारी दुपारी अडीच वाजता आम्ही तिथे गेलो. न्यू जर्सीचा मित्र परत गेला होता, म्हणून माणसे सात. टेबल गोल, कोपऱ्यातले. सरांचा डावा कान भिंतीकडे. कोल्हापूरचा मित्र रात्रीच्या गाडीने आला होता, त्याला उजवीकडे बसवले. मेनूकार्डावर किमती होत्या, आणि सरांनी त्या मोठ्याने वाचल्या, प्रत्येक किमतीनंतर चष्म्यावरून आमच्याकडे पाहत. श्रावण सरला होता. काकूंनी स्वतः कार्ड उघडून सुरमई मागवली आणि ती आल्यावर, "ताजी आहे," असा निर्वाळा दिला.

मित्राने पुन्हा पहिल्यापासून सांगितले. या वेळी त्याला चाळीस मिनिटे लागली, कारण सर मध्येच थांबवून विचारत होते. तासाचे किती देतात? शेवटचा पगार कधी झाला? मुलगी कितवीत आहे? दुकानाचे भाडे मेव्हणा देतो की तू? साहित्यावर एक शब्द नाही, ध्येयवादावर नाही. सर खाणावळवालीचे चिरंजीव आहेत, हे त्या दिवशी प्रथम जाणवले. उधारीचा हिशेब त्यांना तोंडी येत होता. सगळे ऐकून झाल्यावर म्हणाले, "सोडायचं तर सोड. पण मार्चमध्ये सोड, बाकी वसूल करून. आणि मला आधी सांगायचं होतंस." मित्र म्हणाला, "सांगितलं होतं, सर." "हो," सर म्हणाले. "पियानोला सांगितलंस."

त्याच्या ताटातला भात तोवर निवला होता. सरांनी वेटरला हाक मारली आणि तो गरम करून आणायला सांगितला.